पाळी थांबली म्हणजे अंडाशय थांबलं का? टॅमोक्सिफेन, की इंजेक्शन अधिक लेट्रोझोल?

होटगीरोडकर

धाकट्या जावेसाठी विचारतेय. वय ३८, दोन मुलं आहेत, आणखी नको आहे. डाव्या स्तनातली गाठ २.६ सेंटिमीटर, ग्रेड २. काखेतल्या १४ पैकी २ गाठींत आजार. ईआर (पेशीवर इस्ट्रोजेन हार्मोन चिकटण्याची जागा) ८ पैकी ८, पीआर (तीच प्रोजेस्टेरॉनची) ८ पैकी ७, हर-टू हे प्रथिन १+ म्हणजे निगेटिव्ह, केआय-६७ म्हणजे पेशी वाढण्याचा वेग २२ टक्के. स्तन ठेवून ऑपरेशन, मग एसी नावाच्या औषधजोडीच्या ४ आणि दर आठवड्याच्या पॅक्लिटॅक्सेलच्या १२ केमो, त्यानंतर रेडिएशन. सगळं पार पडलं. केमोच्या तिसऱ्या सायकलनंतर पाळी गेली ती सात महिने आलेली नाही. नेहमीच्या लॅबमधून एफएसएच (मेंदूकडून अंडाशयाला जाणारं हार्मोन) ४२ आणि इस्ट्राडिओल (अंडाशयातलं मुख्य इस्ट्रोजेन) १८ आलंय.

डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितलेत. एक, रोज टॅमोक्सिफेन २० मिलिग्रॅम. दुसरा, पोटात गोसेरेलिनचं, म्हणजे अंडाशय झोपवणारं इंजेक्शन आणि रोज लेट्रोझोल. दहा दिवसांत ठरवून या म्हणालेत. घरात एकेकाचं एकेक मत. एक म्हणतात, पाळी गेलीच आहे तर इंजेक्शनचा खर्च कशाला, नुसतं लेट्रोझोल सुरू करा. दुसरे म्हणतात, अंडाशयं काढूनच टाका, कटकट नको. आणि तिच्या डोक्यात रात्रंदिवस एकच, परत येईल का. दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन, म्हणजे सगळ्या अंगाचा स्कॅन, करू या म्हणते.

कुणीतरी नीट उलगडून सांगा.

चाटीगल्ली

ताई, 'नुसतं लेट्रोझोल' हा सल्ला आधी बाजूला ठेवा. बाकीचे दोन्ही रस्ते चालण्यासारखे आहेत, हा एकच खड्ड्यात नेणारा.

लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन या गोळ्या अरोमाटेज नावाचं एन्झाइम अडवतात. पाळी कायमची गेलेल्या बाईत इस्ट्रोजेन तयार होतं ते चरबीत, स्नायूंत, थोडं थोडं. ते या गोळीने बंद पडतं. अंडाशय चालू असलेल्या बाईत मात्र उलटा खेळ होतो. इस्ट्रोजेन घसरलं की मेंदूतली पिट्युटरी जागी होते, एफएसएच वाढवते आणि अंडाशयाला चाबूक मारते. मूल राहत नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस जी गोळी देतात ती हीच लेट्रोझोल, अंडं तयार व्हावं म्हणून. त्यामुळे औषधाच्या दुकानात कुणी 'ही मूल होण्याची गोळी आहे' म्हणालं तर दचकू नका, पण त्यामागचं कारण लक्षात ठेवा.

आता पाळीचं. केमोने पाळी थांबते तेव्हा वाढीला लागलेली अंडी जळालेली असतात, राखीव साठा संपलेला असेलच असं नाही. चाळिशीच्या आतल्या बायकांत पाळी काही महिन्यांनी, कधी वर्ष-दोन वर्षांनी परत येते. पाळी न येताही अंडाशय इस्ट्रोजेन बनवत असू शकतं. एफएसएच ४२ हा आजच्या दिवसाचा फोटो आहे, पुढच्या वर्षाची हमी नाही. एरवी १२ महिने पाळी नाही म्हणजे रजोनिवृत्ती, हे गणित केमो झालेल्या बाईला लावायचं नसतं. टॅमोक्सिफेन चालू असताना तर एफएसएचवर भरवसाच नको, कारण ती गोळी स्वतःच हा आकडा हलवते.

म्हणून तुमच्या जावेला आज 'अंडाशय चालू आहे' असंच धरून चालायचं.

मग खरी निवड. टॅमोक्सिफेन इस्ट्रोजेन कमी करत नाही, पेशीवरचं कुलूप अडवून बसतं. म्हणून अंडाशय चालू असलं तरी ते काम करतं. पाच वर्षं नीट घेतलं तर ईआर पॉझिटिव्ह आजार परतण्याचं प्रमाण पहिल्या पाच वर्षांत जवळपास निम्म्याने आणि पंधरा वर्षांतले स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. चाळीसहून अधिक वर्षं वापरात असलेलं, स्वस्त आणि माहितीचं औषध आहे. त्याला दुय्यम समजू नका.

अंडाशय दाबण्याने त्यावर किती भर पडते ते सॉफ्ट नावाच्या चाचणीत मोजलं. आठ वर्षांनंतर आजार वगैरे काही न होता राहिलेल्या बायका अशा: नुसतं टॅमोक्सिफेन ७८.९ टक्के, टॅमोक्सिफेन अधिक अंडाशय दाबणं ८३.२, एक्झेमेस्टेन अधिक अंडाशय दाबणं ८५.९. हे आकडे सगळ्यांचे मिळून आहेत. ज्यांना केमो लागण्याइतका धोका होता आणि ज्या वयाने लहान होत्या, त्यांच्यात फरक मोठा दिसला. ३५ च्या आतल्या बायकांत पाच वर्षं स्तनाचा कॅन्सर न परतलेल्यांचे आकडे त्याच क्रमाने ६७.७, ७८.९ आणि ८३.४ टक्के असे होते.

माझं मत सांगतो. वय ३८, दोन गाठींत आजार, केमो लागलेली: इथे अंडाशय दाबायला हवं. त्यासोबत लेट्रोझोल की टॅमोक्सिफेन, यातलं अंतर लहान आहे. अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा दहा वर्षांत आजार परतण्याचं प्रमाण टॅमोक्सिफेनवाल्यांत १७.५ टक्के आणि लेट्रोझोलच्या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांत १४.७ टक्के निघालं. मृत्यूच्या आकड्यात फरक अजून दिसलेला नाही. म्हणजे लेट्रोझोलने सांधे इतके आखडले की चालवेना, तर इंजेक्शन तसंच ठेवून टॅमोक्सिफेनवर येता येतं. फार तर काहीशी पीछेहाट, सर्वनाश नव्हे. सर्वनाश होतो तो कुणाला न सांगता गोळी परस्पर बंद करण्याने.

गोळीगणित

वरचं पटतं. इंजेक्शनबद्दल कुणी नीट सांगत नाही, ते लिहितो.

गोसेरेलिन ३.६ मिलिग्रॅम म्हणजे पातळ औषध नाही. तांदळाच्या दाण्याएवढी कांडी असते, तयार सिरिंजमध्ये येते आणि बेंबीच्या खाली पोटाच्या कातडीखाली सोडतात. म्हणून सुई जाड असते. आधी पाऊणएक तास बधिर करणारं मलम लावून वर प्लास्टिक चिकटवलं, किंवा टोचण्याआधी दोन मिनिटं बर्फ फिरवला, की दुखणं बरंच कमी होतं. दर वेळी बाजू बदलायची: या खेपेला डावी, पुढच्या खेपेला उजवी. दांडा शेवटपर्यंत खाली गेला का हे बघायचं, नाहीतर कांडी सिरिंजमध्येच राहते आणि कळतही नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, तिथे रक्तवाहिन्या असतात.

ही कांडी २५ अंशांच्या खाली ठेवायची असते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर असतो. दुकानातून घेऊन गाडीच्या डिकीत टाकली आणि वाटेत भाजी घेत बसलं तर डिकीत काय होत असेल विचार करा. इन्सुलिन नेतात तसली थंड पिशवी घ्या. मात्र बर्फाला थेट चिकटवू नका आणि फ्रीजरमध्ये तर मुळीच नको. शक्य असेल तर जिथे टोचायचं तिथल्याच दुकानातून त्याच दिवशी घ्या.

काही ठिकाणी ल्युप्रोलाइड ३.७५ मिलिग्रॅम देतात. ते पावडर आणि द्रावण मिसळून कमरेखाली स्नायूत देतात. मिसळल्यावर लगेच द्यावं लागतं. तसंच ठेवलं तर पावडर तळाशी बसते, सुई तुंबते आणि निम्मा डोस सिरिंजमध्येच राहतो. ते कुठे ठेवायचं हे कंपनीगणिक वेगळं असतं, खोका वाचा.

तीन महिन्यांचं मोठं इंजेक्शन मिळतं म्हणून खूश होऊ नका. लेट्रोझोलसोबत दर २८ दिवसांचंच हवं. इथे अंडाशय पूर्ण झोपलेलं असणं ही अटच आहे.

पहिल्या इंजेक्शननंतर दोन-तीन आठवड्यांत रक्तस्राव होऊ शकतो. पिट्युटरी आधी उसळते, मग दबते. म्हणून लेट्रोझोल त्याच दिवशी सुरू न करता चार ते आठ आठवड्यांनी, इस्ट्राडिओल पाहून सुरू करणं बरं. तोवर टॅमोक्सिफेन द्यायचं का, हे डॉक्टर ठरवतील.

माळदांडी

इस्ट्राडिओल कुठल्या पद्धतीने केलंय ते बघा. नेहमीच्या लॅबमधली तपासणी पाळी चालू असलेल्या बाईच्या आकड्यांसाठी बनवलेली असते. अगदी खालच्या पातळीवर तिचा काटा नीट चालत नाही, आणि एक्झेमेस्टेन घेणाऱ्या बाईत तर ती औषधालाच हार्मोन समजून आकडा फुगवते. एलसी-एमएस/एमएस या जास्त अचूक पद्धतीने करा असं चिठ्ठीवर लिहून घ्या. रक्त सोलापुरात घेतात आणि नमुना मोठ्या शहरातल्या लॅबला जातो, रिपोर्टला काही दिवस लागतात. तेवढे दिवस हातात ठेवून रक्त द्या.

हे कशासाठी? सॉफ्टमधल्याच एका उपगटात दर महिन्याचं इंजेक्शन वेळेवर घेऊनही १२ व्या महिन्यात किमान १७ टक्के बायकांचं इस्ट्राडिओल हवं त्याच्या वर होतं. वय कमी, वजन जास्त आणि आधी केमो न झालेल्यांत हे अधिक दिसलं. म्हणून सुरुवातीला, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्याला तपासा. मधेच रक्तस्राव झाला किंवा अंगातून निघणाऱ्या वाफा अचानक थांबल्या तरीही तपासा. वाफा गेल्या म्हणून पेढे वाटू नका, अंडाशय उठलं असेल.

दक्षिणकसबा

मला मात्र ऑपरेशनचा पर्याय इतक्या लवकर बाजूला सारलेला पटत नाही. पाच वर्षं म्हणजे ६५ इंजेक्शनं. एवढ्या फेऱ्या, एवढा खर्च, आणि त्यातलं एक जरी चुकलं तरी वरची सगळी भानगड. दुर्बिणीतून दोन्ही अंडाशयं नळ्यांसकट काढली की प्रश्न मिटतो, इस्ट्राडिओल तपासत बसायला नको. १८९५ मध्ये ग्लासगोत बीटसन नावाच्या सर्जननी अंडाशयं काढूनच या उपचाराची सुरुवात केली होती, हेही सांगून ठेवतो. मूल नको आहे, मग अडचण काय?

चाटीगल्ली

अडचण एवढीच की ते परत बसवता येत नाही. ३८ व्या वर्षी एका दिवसात रजोनिवृत्ती म्हणजे झोप, हाडं, सांधे, मनःस्थिती, संबंधांच्या वेळचा कोरडेपणा, सगळं एकदम अंगावर येतं. इंजेक्शन ही त्याची रंगीत तालीम समजा. सहा महिने ते वर्ष घेऊन बघायचं. सोसलं तर मग ऑपरेशन खुशाल करा. नाहीच सोसलं तर इंजेक्शन थांबवून टॅमोक्सिफेनवर येता येतं, ती वाट उघडी राहते.

त्याआधी एक काम राहिलंय ते करा: बीआरसीए तपासणी, म्हणजे वारशाने येणाऱ्या कॅन्सरच्या जीनमधला बदल शोधणारी. या वयात कॅन्सर झालाय म्हटल्यावर ती करायलाच हवी. बदल सापडला तर अंडाशयाच्या कॅन्सरसाठीही ती काढावीच लागतात, बीआरसीए-१ असेल तर ३५ ते ४० च्या दरम्यान, बीआरसीए-२ असेल तर ४० ते ४५. मग वादच मिटतो. हा रिपोर्ट यायच्या आधी ऑपरेशनची तारीख घेऊ नका.

ज्यांना मूल हवंय आणि हा धागा वाचतायत त्यांच्यासाठी: 'पॉझिटिव्ह' नावाच्या चाचणीत १८ ते ३० महिने हार्मोनचे उपचार घेऊन मग गर्भधारणेसाठी दोन वर्षांपर्यंत ते थांबवलेल्या बायकांत, सुरुवातीच्या काही वर्षांत तरी, आजार परतण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. पण टॅमोक्सिफेन बंद केल्यावर तीन महिने जाऊ द्यावे लागतात, गर्भाला ते घातक आहे. त्याच कारणाने, पाळी येत नाही म्हणून दिवस जाणार नाहीत असं धरू नका. कॉपर-टी किंवा निरोध. गर्भनिरोधक गोळ्या अजिबात नाहीत.

बार्शीकर

परत येण्याच्या भीतीबद्दल. तिला खोटा धीर देऊ नका आणि गूगलवरच्या आकड्यांत एकटीलाही सोडू नका.

ईआर पॉझिटिव्ह आजाराचा स्वभाव चिवट असतो. पाच वर्षं झाली, सुटलो, असं त्यात नसतं. पाच वर्षं गोळी घेऊन तोपर्यंत ठणठणीत राहिलेल्या बायकांचा वीस वर्षांपर्यंतचा हिशेब २०१७ मध्ये आला. २ ते ५ सेंटिमीटर गाठ आणि काखेत एक ते तीन गाठी असलेल्यांपैकी २६ टक्क्यांत आजार पुढे दूर कुठेतरी दिसला. हा आकडा तिच्या नजरेस कधीतरी पडणारच. तेव्हा शेजारी बसून दोन गोष्टी सांगा. एक, त्या बायकांचे उपचार जुन्या काळातले होते आणि त्यांनी पाच वर्षांनी गोळी थांबवली होती. दुसरी, म्हणूनच पाचव्या वर्षी 'आता पुढे काय' हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा असतो. अ‍ॅटलास चाचणीत टॅमोक्सिफेन पाचऐवजी दहा वर्षं घेतल्यावर पाचव्या ते चौदाव्या वर्षातलं परत येणं २५.१ वरून २१.४ टक्क्यांवर आलं. त्याची किंमत म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी यांचा थोडा वाढलेला धोका.

पेट स्कॅनचं थेट सांगतो: दर सहा महिन्यांनी करू नका. त्रास नसताना हाडांचे स्कॅन, छातीचे एक्स-रे, लिव्हरची सोनोग्राफी करत राहिल्याने आयुष्य वाढत नाही, हे १९९४ मध्येच इटलीतल्या दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवलं. दूरचा आजार दोन महिने आधी सापडला म्हणून उपचाराचा निकाल बदलत नाही. होतं काय, की फुप्फुसात जुन्या टीबीचा डाग दिसतो, मग त्याची बायोप्सी, मग तीन आठवडे घर जागं. सीए १५-३ या रक्ताच्या तपासणीचंही तेच, उगाच वर-खाली होतो.

करायचं ते असं. पहिली तीन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी डॉक्टरांकडून हाताने तपासणी, पुढची दोन वर्षं ६ ते १२ महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा. मॅमोग्राफी दरवर्षी, दोन्ही बाजूंची. ती चुकवायची नाही, कारण त्याच स्तनात किंवा दुसऱ्या बाजूला नवी गाठ वेळेत सापडली तर ती खरोखर बरी होते.

आणि दुखणं. दळण उचलल्यावर पाठ धरली, चार दिवसांत उतरली, तर ते दळणाचं. एकाच जागी हाड दुखतंय, रात्री जास्त, दोन आठवड्यांवर गेलं तरी वाढतच आहे, तर दाखवा. दम लागणं, सुका खोकला न जाणं, उलटीसह डोकेदुखी, विनाकारण वजन घटणं, कावीळ, टाक्यांजवळ किंवा गळपट्टीच्या हाडावर गाठ, यांसाठी पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. दोन आठवड्यांची ही रेषा तिला ठरवून दिली की रोजच्या रोज घाबरणं थोडं आटोक्यात येतं. तरी झोप उडालीच असेल तर मानसोपचाराचं नाव काढायला लाजू नका.

गोळीगणित

त्यातच भर. झोपेसाठी, उदासीसाठी किंवा वाफांसाठी कुणी गोळी दिली तर नाव बघा. टॅमोक्सिफेनवर असताना पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन आणि बुप्रोपिऑन नकोत. लिव्हरमध्ये टॅमोक्सिफेनचं खरं कामाचं रूप तयार होतं, ते या गोळ्या अडवतात. व्हेनलाफॅक्सिन चालतं, आणि ते वाफाही कमी करतं. भाजीतली हळद खुशाल खा, पण मिऱ्याचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल नकोत, त्यानेही औषधाची रक्तातली पातळी घटते असं दिसलंय. शतावरी कल्प, 'लेडीज टॉनिक' वगैरे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको.

टॅमोक्सिफेनवर पाळी परत आली, अनियमित झाली किंवा सोनोग्राफीत अंडाशयावर पाण्याची गाठ दिसली तर औषध फसलं असं नव्हे. तरुण बायकांत या गाठी सर्रास होतात आणि बहुतेक आपोआप जिरतात. घाईने ऑपरेशनला जाऊ नका. एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना.

माळदांडी

हाडं राहिली. इंजेक्शन अधिक लेट्रोझोल सुरू होण्याआधी डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांच्या घनतेचा, मग साधारण दर दोन वर्षांनी. ज्वारीची भाकरी कितीही गुणाची असली तरी तिच्यात कॅल्शियम फारसं नाही. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, मोठा पेलाभर दुधात तीनशेच्या आसपास. दिवसाला जेवणासकट १००० ते १२०० मिलिग्रॅम पुरे. कॅल्शियमची गोळी एका वेळी ५०० ची, जेवणासोबत. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब, लोहाच्या गोळीसोबतही नको.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० ची पुडी आठवड्यातून एकदा असते. ती रोज घेतल्याने रक्तात कॅल्शियम चढून मूत्रपिंडं बिघडलेली माणसं दवाखान्यात येतात. चिठ्ठीवर 'आठवड्यातून १' असं मराठीत मोठ्या अक्षरात लिहून घ्या.

झोलेड्रोनिक अ‍ॅसिड ४ मिलिग्रॅम दर सहा महिन्यांनी सलाइनमधून देतात, हाडांसाठी. त्याआधी दात दाखवून घ्या. काढायचा दात आधी काढा, कारण नंतर जबड्याचं हाड भरून यायला त्रास होतो. ड जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाची तपासणी) आधी बघायचं. दिल्यावर एक-दोन दिवस अंग मोडून ताप येतो, पॅरासिटामॉलने उतरतो.

सकाळी बोटं आखडतात त्यावर सगळ्यात चांगला इलाज म्हणजे रोज अर्धा-पाऊण तास चालणं आणि हलका वजनाचा व्यायाम. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत. तरी नाही जमलं तर लेट्रोझोल बदलून अ‍ॅनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन, गट तोच पण अंगाला मानवणं वेगळं.

होटगीरोडकर

सगळ्यांचे आभार. इंजेक्शन अधिक लेट्रोझोल असं ठरतंय, बीआरसीएचं रक्त उद्या देतोय. दोनच प्रश्न. रायबोसिक्लिब का कायसं एक नवीन औषध आहे म्हणतात, ते हिला लागेल का? आणि पहिलं इंजेक्शन ५ मेला आहे, मग दर महिन्याच्या ५ तारखेला जायचं ना?

चाटीगल्ली

रायबोसिक्लिब ही कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखणारी गोळी, ४०० मिलिग्रॅम, तीन आठवडे घ्यायचं आणि एक आठवडा सुट्टी, असं तीन वर्षं. काखेत आजार असल्याने ती त्यात बसते. फायदा काही टक्क्यांचा, खर्च मोठा, वारंवार रक्त आणि ईसीजी. डॉक्टरांना विचारा. टॅमोक्सिफेनसोबत मात्र ते चालत नाही. त्याच जातीचं अबेमासिक्लिब अधिक धोक्याच्या गटासाठी आहे, काखेत चार किंवा जास्त गाठी, किंवा काखेत एक ते तीन गाठी आणि सोबत ग्रेड ३ किंवा स्तनात ५ सेंटिमीटरची गाठ, त्यात ती बसत नाही. खर्चासाठी जनआरोग्य योजनेतलं काय लागू होतं ते सिव्हिलमध्ये किंवा जिथे उपचार चालू आहेत तिथल्या आरोग्यमित्राला कागद दाखवून आधीच विचारा. इंजेक्शन आणि गोळ्या दोन्हींचं वेगवेगळं विचारा.

गोळीगणित

५ तारखेला नाही! दर २८ दिवसांनी. वर्षाला १२ नव्हे, १३ होतात. ५ मेनंतर २ जून, ३० जून, २८ जुलै, २५ ऑगस्ट, २२ सप्टेंबर. जूनमध्ये दोन येतात, आणि नेमकं तिथेच 'या महिन्याचं झालं की' म्हणून सुटतं. सोपी खूण म्हणजे वार बदलत नाही. पहिलं सोमवारी झालं तर सगळी सोमवारीच, सिद्धेश्वराचा वार म्हणून लक्षातही राहील. भिंतीवरच्या कॅलेंडरवर वर्षभराचे तेरा गोल आजच करून ठेवा. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत किंवा दिवाळीत तारीख आली तर एक-दोन दिवस आधी घ्या, नंतर नको. आणि इंजेक्शन दुकानात आहे का, हे चार दिवस आधी फोन करून विचारा.